रद्द झालेला नववा भाग

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटार तुंबलं नसतं, तर मी राज्यघटना उघडलीच नसती. २०२३ चा पावसाळा. दोन आठवडे पाणी हलेना, म्हणून नगरपालिकेत गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुमच्या नगरसेवकांना सांगा." आणि मग स्वतःच हसला. "अहो, नगरसेवक आहेत कुठे? मुदत संपून दीड वर्ष झालं. आता प्रशासक." प्रशासक म्हणजे मुख्याधिकारी. ते बैठकीला जिल्ह्याच्या गावी गेले होते.

घरी आलो, तर भाची ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. ती एमपीएससीचा अभ्यास करते, त्यासाठी दोन वर्षं आमच्याकडेच राहते आहे. मी तणतणत गटाराची कहाणी सांगितली, तशी मान वर न करता म्हणाली, "मामा, दोनशे त्रेचाळीस यू. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. आणि मुदत संपायच्या आत निवडणूक."

"मग हे दीड वर्ष काय आहे?"

"ते सिलॅबसमध्ये नाही."

मी कर सल्लागार आहे. लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो. नियमात एक लिहिलंय आणि घडतंय दुसरंच, असं दिसलं की मला झोप येत नाही, कारण माझ्या धंद्यात तशा जागी दंड बसतो. त्या रात्री मी माळ्यावरून वडिलांची ट्रंक काढली. वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. खात्याच्या परीक्षेसाठी त्यांनी राज्यघटनेचा इंग्रजी बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीका-भाष्य नसलेली नुसत्या कलमांची प्रत, घेतला होता, तो त्यात असणार हे माहीत होतं. होता. पानं चहाच्या रंगाची झालेली, कडा कसरीनं खाल्लेल्या. कलम २४३ शोधलं. तर नववा भाग म्हणून जिथे असायला हवा, तिथे कंसात एक ओळ: सातव्या घटनादुरुस्तीनं, १९५६ मध्ये, रद्द. बास. पुढे लगेच दहावा भाग.

मी भाचीला हाक मारली, "तुझं कलम रद्द झालंय!" तिनं पुस्तक उलटून मागचं पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पुस्तक १९८० च्या आसपासचं. पंचायती आणि नगरपालिकांचे भाग घटनेत आले ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनं, १९९२ मध्ये, आणि लागू झाले १९९३ मध्ये. मूळ घटनेत नवव्या भागात एकच कलम होतं, तेही केंद्राच्या ताब्यातल्या काही प्रदेशांबद्दल. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते गेलं, आणि ती जागा तब्बल छत्तीस वर्षं मोकळी राहिली. घर पाडलं तरी घरनंबर शिल्लक राहावा, तसं.

हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला. म्हणजे वडिलांची बहुतेक सगळी नोकरी अशा संस्थेत झाली, जिचं नावही घटनेच्या ढाच्यात कुठे नव्हतं. पंचायतींचा उल्लेख होता तो ४० व्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये: राज्यानं ग्रामपंचायती स्थापन कराव्यात, त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून काम करता येईल असे अधिकार द्यावेत. आणि मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, हे ३७ व्या कलमातच सांगून टाकलेलं. ४० व्या कलमाखाली वडिलांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. परीक्षेत येईल म्हणून मारली असेल, की आपलं खातं कुठे दिसतंय ते पाहून, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी नवी प्रत आणली, मराठी. इथून माझी फजिती सुरू झाली.

मी शहाण्या माणसासारखा पहिल्या पानापासून वाचायला बसलो. उद्देशिका तर पाठच होती. तिला कुणी सरनामा म्हणतं, कुणी प्रास्ताविका. शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानांवर असायची, मागच्या बाकावर बसून तिच्यातल्या 'आम्ही, भारताचे लोक'ला मिशा काढल्याचंही आठवतं. 'स्वतःप्रत अर्पण करत आहोत' हे शेवटचे शब्द तेव्हा तोंडात घोळवायला मजा यायची, अर्थ कुणी विचारला नव्हता. आता विचारला. कुणा राजानं दिलेली नाही, ब्रिटिश पार्लमेंटनं मंजूर करून पाठवलेली नाही, लोकांनीच लोकांना दिली. त्या एका 'स्वतःप्रत'मध्ये केवढं काय बसवलंय! (कबुलीही देऊन टाकतो: पन्नाशी उलटेपर्यंत मी 'भारत माझा देश आहे' ही प्रतिज्ञा घटनेतली समजत होतो. भाची हसून हसून लोळली.)

उद्देशिकेपर्यंत सुरळीत. 'इंडिया, अर्थात भारत, हा राज्यांचा संघ असेल' हेही सुरळीत. मग नागरिकत्व आलं आणि मी सहाव्या कलमात बुडालो. पाकिस्तानातून स्थलांतर केलेली व्यक्ती, १९ जुलै १९४८ पूर्वी आली असेल तर अमुक, नंतर आली असेल तर तमुक, नोंदणीसाठी अर्ज, त्याआधी सहा महिने वास्तव्य. फाळणीची सगळी धूळ त्या दोन पानांत आहे हे आज कळतं. तेव्हा मात्र पुस्तक आठवडाभर उशाशी पालथं पडून राहिलं.

मग भाचीच्या नोट्स घेतल्या. तक्तेच तक्ते. राष्ट्रपती ५२, उपराष्ट्रपती ६३, पंतप्रधान ७४-७५, राज्यपाल १५३, आणीबाणी ३५२. चार दिवसांत निम्मं पाठ झालं आणि काहीही समजलं नाही. रेल्वेचं वेळापत्रक पाठ करून प्रवास होत नाही, तसं. शिवाय मराठी प्रतीत आणखी एक गोम. इंग्रजीतलं ५१-ए मराठीत ५१-क होतं. म्हणजे वकील आणि टीव्हीवाले बोलतात ते अक्षर वेगळं, माझ्या पुस्तकातलं वेगळं. 'ए'ला 'क', 'बी'ला 'ख' असं बोटांवर मोजत 'यू'पर्यंत जाताना मी दोनदा चुकलो. शेवटी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या.

तिसऱ्या खेपेला मात्र जमलं, आणि ते आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांमुळे. सत्तरी ओलांडलेले, दिवाणी कोर्टात हयात घालवलेले. मी पुस्तक घेऊन फाटकाशी उभा राहिलो तर म्हणाले, "सगळी घटना कशाला वाचताय? तुमचा प्रश्न काय आहे?" मी म्हणालो, गटार. "मग गटारापासून सुरू करा. आणि दोन गोष्टी बघा. एक, क्रियापद काय आहे. दोन, परंतुक वाचल्याशिवाय पान उलटू नका."

परंतुक म्हणजे कलमाच्या पोटात 'परंतु' म्हणून सुरू होणारं वाक्य. आमच्या करकायद्यातही ते असतात, पण तिथे आम्ही त्यांना सवलत किंवा अपवाद म्हणून ओळखतो. घटनेत परंतुक म्हणजे काही वेळा कलमाचा खरा मालक असतो. तिसरं कलम घ्या. संसदेला कायदा करून नवं राज्य करता येतं, सीमा बदलता येतात, नावसुद्धा बदलता येतं. मग परंतुक येतं: विधेयक आधी त्या राज्याच्या विधानमंडळाकडे मत द्यायला पाठवायचं. वाचून बरं वाटतं. पण नीट वाचा: मत द्यायला. संमती द्यायला नाही. ठरवलेल्या मुदतीत मत आलं नाही तरी पुढे जाता येतं, उलटं आलं तरी. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ का करावी लागली, नुसता विधानसभेचा ठराव का पुरला नसता, हे मला शाळेत कुणी या कलमावरून सांगितलं नव्हतं.

आणि क्रियापद. इंग्रजीत 'शॅल' आणि 'मे'. मराठीत 'करील, असेल' एकीकडे आणि 'करता येईल' दुसरीकडे. मी दोन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. सक्तीला लाल, मुभेला निळी. नगरपालिकांचा भाग, म्हणजे २४३-पी पासून २४३-झेडजी पर्यंत, असा रंगवत गेलो. रविवारची सकाळ गेली त्यात.

२४३-यू लालभडक. पाच वर्षं, पहिल्या सभेच्या दिवसापासून, आणि अधिक नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. मध्येच बरखास्त केली तर सहा महिन्यांत. इथे पळवाटेला जागाच ठेवलेली नाही, आणि ती का ठेवली नाही तेही दुरुस्तीच्या उद्देशपत्रात आहे: निवडणुका वेळेवर होत नाहीत, संस्था वर्षानुवर्षं बरखास्त अवस्थेत राहतात, म्हणून. म्हणजे आमच्या गावात जे चाललं होतं ते होऊ नये, एवढ्यासाठीच हा भाग लिहिला गेला होता!

२४३-डब्ल्यू निळं. नगरपालिकेला अधिकार देणं. राज्याच्या विधानमंडळाला कायद्यानं देता येतील. देईलच, असं नाही. त्यासाठी बारावी अनुसूची जोडली आहे, अठरा विषयांची. ती वाचताना मला फार गंमत वाटली. ज्या पुस्तकात राष्ट्रपतींची शपथ आहे, युद्ध आणि आणीबाणी आहे, त्याच पुस्तकात स्मशानभूमी आहे, कोंडवाडे आहेत, रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे आहेत. सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता. माझं गटार! पण सगळं निळ्या पेन्सिलीत. निवडणूक सक्तीची आणि अधिकार ऐच्छिक. संस्था जिवंत ठेवायचीच, तिच्या हातात काय द्यायचं ते मात्र राज्य सरकारच्या मनावर. हे कळल्यावर आमच्या नगरपालिकेची बरीच वर्षांची केविलवाणी अवस्था मला एका क्रियापदात दिसली.

तरीही मूळ प्रश्न सुटला नव्हता. लाल पेन्सिलीतलं कलम असताना निवडणूक होत कशी नाही?

उत्तर २४३-टी मध्ये निघालं, आणि तेही पुन्हा क्रियापदातच. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव असतील: लाल. महिलांसाठी किमान एक तृतीयांश: लाल. (महाराष्ट्रानं २०११ मध्ये ते निम्म्यावर नेलं.) मागासवर्गासाठी मात्र भाषाच वेगळी आहे: राज्याला तशी तरतूद करायला या भागातली कुठलीही गोष्ट आड येणार नाही. निळंसुद्धा नाही, फिकट निळं. किती टक्के, कशाच्या आधारे, काही नाही. ही मोकळी जागा न्यायालयानं भरली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१० मध्ये सांगितलं की स्थानिक संस्थांतलं राजकीय मागासलेपण मोजा, आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या वर नेऊ नका. मार्च २०२१ मध्ये तीच कसोटी महाराष्ट्राला लागली आणि जिल्हा परिषदांच्या कायद्यातलं सरसकट २७ टक्क्यांचं आरक्षण अडकलं. मग आयोग, अहवाल, अध्यादेश. त्यातच प्रभाग कुणी पाडायचे, सरकारनं की राज्य निवडणूक आयोगानं, यावरून कायदा एकदा इकडे आणि सरकार बदलल्यावर पुन्हा तिकडे. ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे'चा आदेश. आणि 'जैसे थे' म्हणजे आमच्याकडे प्रशासक.

मी वकीलसाहेबांना तावातावानं म्हणालो, "पण घटना स्पष्ट आहे ना!" ते म्हणाले, "एक कलम स्पष्ट असतं. दोन कलमं एकमेकांसमोर आली की वकील लागतो." अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात २००६ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं की निवडणूक पाच वर्षांच्या आत झालीच पाहिजे, सबबी चालणार नाहीत. तो निकाल त्यांनी मला वाचायला दिला. वाचला, आणि आणखीच चिडलो.

चिडण्याचा फायदा असा, की मी थांबलो नाही. गटार बाजूला राहिलं आणि मी वर चढत गेलो: नगरपालिकेतून विधानसभेत, विधानसभेतून राजभवनात.

त्या काळात आमच्या चहाच्या टपरीवर जो तो दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदीच्या नियमांचा, पंडित झाला होता. २०२२ मध्ये राज्यात जे झालं त्यानंतर 'दोन तृतीयांश असले की झालं' हे वाक्य मी किमान पन्नास जणांकडून ऐकलं असेल. मीही म्हणत होतो. अनुसूची उघडली तर तसं नाहीच. १९८५ मध्ये ती आली तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर फूट म्हणून माफ, असा परिच्छेद होता. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं तो उडवला. उरलं ते विलीनीकरण: मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि दोन तृतीयांश आमदारांनी ते मान्य केलं, तर संरक्षण. नुसता आकडा पुरत नाही. आणि निर्णय कुणाकडे? विधानसभेच्या अध्यक्षांकडे. किती दिवसांत? मी ती दोन-तीन पानं पुढून मागून वाचली. दिवसांचा आकडाच नाही. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही 'वाजवी कालावधीत' ठरवा, असं म्हणून तो निर्णय अध्यक्षांकडेच ठेवला.

तिथून मला नवाच नाद लागला. घटनेत काय नाही ते शोधायचं.

उपमुख्यमंत्री नाही. शोधून पाहा, सापडणार नाही. १९८९ मध्ये देवीलाल यांनी 'उपपंतप्रधान' म्हणून शपथ घेतली, त्यावर न्यायालयात आव्हान गेलं, तेव्हा उत्तर मिळालं ते असं, की घटनेच्या दृष्टीनं ते मंत्रीच, बाकी नुसतं वर्णन. बजेट हा शब्द नाही. ११२ व्या कलमात आहे ते 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र', आणि एवढं रुक्ष नाव वाचून मला माझ्या ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. सभागृहातली बहुमत चाचणी नाही. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल, एवढंच. ती जबाबदारी मोजायची कुठे, तर सभागृहात, राजभवनात नाही, हे १९९४ च्या बोम्मई खटल्यानं पक्कं केलं. घटनेची मूलभूत संरचना, म्हणजे संसदेलाही दुरुस्ती करून मोडता न येणारा गाभा, जिच्यावरून एवढी भाषणं होतात, ती मूळ पुस्तकात नाही. २४ एप्रिल १९७३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांपैकी सात जणांच्या बहुमतानं ती आली. सहा जणांचं मत वेगळं होतं. एक माणूस इकडचा तिकडे असता तर! आणि राजकीय पक्ष? ज्यांच्याशिवाय आपलं पान हलत नाही, ते घटनेत आले पक्षांतरबंदीच्या निमित्तानं, १९८५ मध्ये. तोवर पस्तीस वर्षं घटनेच्या लेखी आमदार होते, खासदार होते, पक्ष नव्हते.

राज्यपालांपाशी मी महिनाभर रेंगाळलो. संविधान सभेतल्या चर्चा छापील उपलब्ध आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या घटनेपेक्षा वाचायला सोप्या आहेत. माणसं बोलतात, चिडतात, टोमणे मारतात. मूळ मसुद्यात राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा, असा एक पर्याय होता. मे १९४९ च्या अखेरीस सभेनं तो सोडून दिला. कारण उघड होतं. मुख्यमंत्रीही लोकांच्या मतांवर आलेला, राज्यपालही, मग एका म्यानात दोन तलवारी. म्हणून राष्ट्रपतींनी नेमायचा, म्हणजे तो तटस्थ राहील. वाचताना मी पुस्तकाला उद्देशून 'अरेरे' म्हणालो, बायकोनं आतून विचारलं काय झालं. ४ ऑगस्ट १९४९ च्या चर्चेत, आजच्या ३५६ व्या, म्हणजे राष्ट्रपती राजवटीच्या कलमाबद्दल, डॉ. आंबेडकर म्हणतात की हे कलम कधी वापरावंच लागणार नाही, कागदावरच राहील अशी आशा करू या. पुढे ते देशभरात शंभराहून अधिक वेळा वापरलं गेलं. महाराष्ट्रात तीनदा: १९८०, २०१४, २०१९. शेवटच्या वेळी बाराच दिवस, १२ ते २३ नोव्हेंबर, आणि ते उठलं त्या पहाटे मी दूध आणायला गेलो होतो तेव्हा दूधवाल्यानं सांगितलं होतं की सरकार झालं. तेव्हा हसलो होतो. आता त्या पहाटेमागची कलमं मला माहीत होती.

वाचन असं वाढल्यावर घरात थोडा जाच झाला असणार. मी रोज पेपरातली एक बातमी घेऊन ती सातव्या अनुसूचीतल्या कुठल्या सूचीत बसते ते शोधू लागलो. पोलिस: राज्य. शेती: राज्य. लग्न-घटस्फोट: समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचं. शिक्षण: १९७६ पर्यंत राज्य, ४२ व्या दुरुस्तीनंतर समवर्ती. भाची याला 'मामाचं शब्दकोडं' म्हणायची. पण एका बाबतीत मी तिच्या पुढे होतो. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात, हे २७९-ए तिला पाठ होतं. त्याचा अर्थ केंद्राला एकट्यानं ठराव अडवता येतो, पण एकट्यानं करून घेता येत नाही, हा हिशोब मी तिला पाटीवर मांडून दाखवला. तसंच १६४ व्या कलमाचं. मंत्री आमदारसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. आपले आमदार २८८, म्हणजे ४३. "म्हणून त्रेचाळीस होय!" ती म्हणाली. आकडा तिला माहीत होता, तो कुठून आला ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ती मला अधूनमधून परीक्षा घेऊ देते.

मला न आवडलेलंही सांगतो. मराठी भाषांतर अचूक असेल, पण ते कानाला धरून वाचायला लावतं. 'च्या अधीनतेने', 'काहीही असले तरी' अशा माळा लागतात आणि वाक्याचा कर्ता तीन ओळी मागे राहतो. मी शेवटी 'काहीही असले तरी'ला घरगुती अर्थ दिला: बाकीच्यांनी गप्प बसा, आता मी बोलणार. आणि 'च्या अधीनतेने' म्हणजे: मी बोलतो, पण आधी त्यांना विचारा. हे दोन अर्थ लावून बघा, निम्मी कलमं सरळ होतात.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढा म्हणून आदेश दिला. त्या पावसाळ्यात आमच्या नगरपालिकेनं प्रारूप प्रभाग रचना फळ्यावर लावली. हरकती आणि सूचना मागवल्या. मी नकाशा पाहायला गेलो तर आमची गल्ली मधोमध कापलेली. डावीकडची घरं एका प्रभागात, उजवीकडची दुसऱ्यात. दोन वर्षांचा अभ्यास कामी येण्याची वेळ आली म्हणून मी तीन पानी हरकत लिहिली, २४३-आर पासून सुरुवात करून, प्रती काढल्या, पोच घेतली.

सुनावणीला माझा नंबर एक्केचाळिसावा. आत तिघं अधिकारी, समोर नकाशा पसरलेला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "भारतीय संविधानाच्या अनुच्छेद..." मधल्या साहेबांनी हात वर केला. "घटना राहू द्या, नकाशावर दाखवा." दाखवलं. दोन मिनिटं लागली असतील. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि बेचाळिसाव्याला बोलावलं.

अंतिम रचना लागली त्यात माझ्या हरकतीसमोर 'अमान्य' होतं, कारणासकट. प्रभागाची हद्द शक्यतो नैसर्गिक खुणेवरून घ्यायची असते, नदी, नाला, रस्ता. आमच्या गल्लीतला नाला ही ती खूण. नाला म्हणजे तेच गटार. हद्दीची रेघ त्याच्या बरोबर मधून गेली आहे.

खिडकीवर तोच माणूस होता. त्यानं माझ्याकडून कागद घेतला, वाचला आणि म्हणाला, "साहेब, आता दोन प्रभाग, प्रत्येकी दोन. चार नगरसेवक मिळतील या गटाराला."

घरी येऊन वडिलांचं पुस्तक काढलं. नवव्या भागाच्या त्या 'रद्द'शेजारी, त्यांच्या पेन्सिलीसारखीच मऊ पेन्सिल शोधून, बारीक अक्षरात लिहिलं: १९९३ पासून चालू. आणि खाली आमच्या प्रभागाचा नंबर.